लुसुंगूचा उजवा कान

म्झुझू शहराच्या बस-अड्ड्याला लागून जो बाजार आहे, त्यात जुन्या कपड्यांची गल्ली संपते तिथे लुसुंगू म्सोवोयाची टपरी आहे. पत्र्याची, निळी, आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं एवढीच. पाटीवर अजून 'बर्निंग सेंटर' लिहिलेलं आहे, कारण एकोणीस वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा इथे लोकांना सीड्या भरून देत असत. पुढे सीड्या गेल्या, मेमरी कार्डं आली, पेन ड्राइव्ह आले, आणि नवरा ट्रक घेऊन टांझानियाच्या रस्त्याला लागला. पाटी बदलायची राहिली ती राहिलीच.

धंदा सांगायला सोपा. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह पुढे करतं, "नवीन काय आलंय ते टाका," म्हणतं, आणि लुसुंगू टाकते. अवघड ते 'नवीन काय' हे ठरवणं. लिलाँग्वे, ब्लँटायर, लुसाका, दार-एस-सलाम, लागोस, कुठे ना कुठे रोज कुणीतरी गाणं सोडतंच. शुक्रवारी तर नुसता लोंढा. त्यातून म्झुझूच्या माणसाला काय रुचेल ते वेचायचं, आणि तेही माणूस बघून. तलावाकाठी न्खाता बेला उतरणाऱ्या वळणांवर मिनिबस चालवणाऱ्याला झोप येऊ नये असं. बारवाल्याला, लोक नाचून घामाघूम होतील आणि तहानतील असं. शेजारी एस्नार्टचं केस विणायचं दुकान आहे, तिथे बायका तीन-तीन तास मान वाकडी करून बसतात. त्यांना डोकं न दुखवणारं.

यात लुसुंगूचा हातखंडा होता. मिनिबसवाला गोंड्वे सांगतो, एकदा तिनं त्याला कुण्या नव्याच रॅपरचं गाणं दिलं आणि म्हणाली, "पहिल्यांदा ऐकून मला शिव्या द्याल. दुसऱ्यांदा गप्प बसाल. तिसऱ्यांदा स्वतःच लावाल." झालं तसंच. "लुसुंगूबाईंनी दिलंय," एवढं म्हटलं की प्रवासीसुद्धा गाणं बदलायला सांगत नसत. गावातली गाणारी पोरं रेडिओवर जाण्याआधी तिच्याकडे येत. तिनं चार ड्रायव्हरांच्या पेन ड्राइव्हवर गाणं टाकलं की ते आठवड्यात तलावापर्यंत पोचलेलं असे.

पण लुसुंगू दमली होती. म्हणजे एका दिवसाच्या कामानं दमतात तशी नव्हे. तो थकवा झोपेनं जातो. सकाळी चहा आणि दोन मंदासी, म्हणजे तळलेले गोड पाव, घेऊन ती टपरीत बसायची, हेडफोन चढवायची आणि तीस गाणी ऐकायची. तीसही गाणी चौथ्या सेकंदाला स्टुडिओचं नाव घेत. मग प्रेम, मग बाटली, मग आईचे उपकार, मग देवाचे उपकार, मग शत्रू.

"या पोरांना एवढे शत्रू येतात तरी कुठून?" एकदा तिनं एस्नार्टला विचारलं.

एस्नार्टच्या दातांत कंगवा होता. तो काढून ती म्हणाली, "एक पण नसतो गं. म्हणून तर गाण्यात आणावा लागतो."

लुसुंगूला हसू आलं नाही. हल्ली येतच नसे. आवडलेलं गाणं ऐकताना तिच्या मानेवर पूर्वी काटा यायचा. तो शेवटचा कधी आला होता हे तिला आठवेना. माणसं विचारायची, "बाई, कसं आहे?" ती म्हणायची, "चांगलं आहे, घ्या." त्यात खोटं काही नव्हतं, पण आता त्यात ती स्वतःही कुठे नव्हती.

त्यात कानाची भर पडली. टपरीच्या दाराशी मोठा स्पीकर, आणि त्याच्याशेजारी तिची खुर्ची, उजवा कान स्पीकरकडे. एकोणीस वर्षं. गेल्या थंडीत त्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली, किटली उकळायच्या बेताला आल्यासारखी, आणि ती थांबेना. हळूहळू शिट्टीच उरली, बाकीचं ऐकू येणं बंद झालं. लुसुंगूनं कुणाला सांगितलं नाही. जिच्या कानावर धंदा चालतो, तिनं कान गेला म्हणून कुणाला सांगायचं? हेडफोनचा उजवा भाग ती कानामागे सरकवून ठेवू लागली आणि डाव्या कानानं निभावू लागली. गाणी ऐकू येत होती. थोडी उघडी-बोडकी वाटत, पण तिला वाटलं, हल्लीची गाणीच तशी.

असे सहा महिने गेले. मग एका मंगळवारी दुपारी वान्त्वा कायांगे आला.

वान्त्वा घरांमध्ये विजेच्या तारा ओढायचं काम करी. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, शर्टावर चुन्याची धूळ. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मावशी, एक गाणं आणलंय. आपल्या तुंबुका भाषेत आहे. रॅप आहे. पण शिव्या नाहीत."

"शत्रू आहेत?"

"नाही."

"बरं, दे."

तिनं गाणं उतरवून घेतलं, हेडफोन नेहमीसारखा चढवला. ठेका बरा होता. कुणीतरी मागे रिकाम्या डब्यावर वाजवत असावं तसा. वान्त्वाचा आवाजही बरा. पण तो आपला बढाया मारत होता. मी कमवायला परदेशी जोनीला जाणार, गाडी घेऊन परत येणार, बंगला बांधणार, पोरी दारात रांग लावणार. आणि प्रत्येक ओळीनंतर तो थांबत होता. मागे नुसता डबा वाजत राही, मग पुढची बढाई. तिसऱ्या कडव्यात तर तो जवळजवळ गप्पच होता.

लुसुंगूनं हेडफोन उतरवला. थकलेला माणूस बोलतो तशी ती बोलली. रागानं नाही, पण धार घासून गुळगुळीत करायचीही तसदी न घेता.

"हे अर्धवट आहे, बाळा. बढाया सगळेच मारतात. तुझ्या बढायांत दम नाही, आणि मधे एवढ्या मोकळ्या जागा सोडल्यास की माणूस त्यात जेवून येईल. घरी जा, पुरं कर, मग ये."

वान्त्वा गोंधळला. "मावशी, सगळं ऐकलंत?"

"शेवटपर्यंत."

"आणि तुम्हाला हसू नाही आलं? तेम्वाच्या बोलण्याला?"

"कोण तेम्वा?"

"माझी बहीण. ती उत्तरं देतेय ना मधे! मोकळी जागा कुठली?"

लुसुंगूला वाटलं, पोरगा तिची थट्टा करतोय. त्यानं हेडफोन उचलून स्वतःच्या डोक्यावर लावला, गाणं परत चालू केलं, आणि डोलत म्हणाला, "ही काय! बोलतेय की!" मग त्यानं तो लुसुंगूच्या दोन्ही कानांवर नीट बसवला. ती ऐकत राहिली. डावीकडे वान्त्वा आणि डबा. उजवीकडे शिट्टी.

"नाही," ती म्हणाली.

तारा जोडणाऱ्या माणसाचं डोकं ते. काही बोलायच्या आत त्यानं हेडफोन काढला, उलटा फिरवला, आणि उजवा भाग तिच्या डाव्या कानावर ठेवला.

आता वान्त्वा नव्हता. डबा होता, आणि त्या डब्यावर एका बाईचा आवाज, कोरडा, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून एक कान झाल्यावर दुसरा, असं करत लुसुंगूनं दोन्ही बाजू मनातल्या मनात एकत्र केल्या.

भाऊ म्हणे, मी गाडी घेऊन येईन. बहीण म्हणे, आधी सायकलची चेन बसव, बाबा रोज ढकलत नेतात. भाऊ म्हणे, बंगला बांधीन, त्यावर गच्ची. बहीण म्हणे, गच्चीवर वाळवशील काय? माझाच टॉवेल, तो तरी परत दे. भाऊ म्हणे, पोरी दारात रांग लावतील. बहीण म्हणे, लावतीलच की, गल्लीतला नळ आपल्याच दारात आहे.

लुसुंगू हसली. मोठ्यानं, पोट धरून, एस्नार्ट दुकानातून डोकं काढून बघू लागली इतकी. पण तिसरं कडवं आलं, जिथे वान्त्वा गप्प होता, आणि तिथे बहीण एकटीच म्हणत होती: जा रे, पण उजेडात जा, सांगून जा. थोरला गेला तो न सांगता, आई अजून त्याच्या वाटचा मासा झाकून ठेवते.

लुसुंगूच्या मानेवर काटा आला. आणि लगेच मागोमाग तिला कळलं, आपण अर्धंच गाणं ऐकून निकाल दिला होता.

वान्त्वालाही कळलं होतं. "मावशी, तुमचा हा कान..."

"गप्प," ती म्हणाली. "कुणाला बोलू नकोस." मग खाली बघत, "गाणं चांगलं आहे. फार चांगलं आहे. मी चुकले."

त्यानं सांगितलं ते असं: कॉम्प्युटर मित्राचा होता. दोन आवाज एकमेकांवर चढत होते म्हणून मित्रानं एकाला डावीकडे लोटलं, दुसऱ्याला उजवीकडे. मधे कसं आणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी गोंड्वे पेन ड्राइव्ह भरायला आला. लुसुंगूनं ते गाणं वर, दुसऱ्या नंबरावर टाकलं. गोंड्वेनं विचारलं, "कसं आहे?" खूप दिवसांनी तिनं 'घ्या' याच्या पलीकडे काहीतरी सांगितलं. "दोघा भावंडांचं भांडण आहे. तिसऱ्या कडव्याला हॉर्न वाजवू नका."

गुरुवारी गोंड्वे तणतणत आला, पण डोळ्यांत हसू.

"बाई, काय देता हो! माझ्या गाडीत एक स्पीकर दाराकडे, एक माझ्याकडे. दाराकडच्या बायका ओरडतात, बंद कर त्या फुशारक्या मारणाऱ्याला! माझ्या बाजूच्या खिदळतायत. ह्या म्हणतात तुम्ही का हसता, त्या म्हणतात तुम्हाला ऐकू येत नाही का. माझा कंडक्टर म्हणतो पुरुष गातोय, मी म्हणतो बाई गातेय, आमचं जुंपलं. शेवटी एक आजी चालू गाडीत उठून या बाजूला येऊन बसली, मांडीवर कोंबडी घेऊन!"

"मग?"

"मग काय, चारदा लावायला लावलं. म्वायीला द्या, चिहानाला द्या, सगळ्या ड्रायव्हरांना द्या. सगळे मागतायत."

लुसुंगूनं दिलं. आठवड्याभरात अड्ड्यावर नळाची थट्टा सुरू झाली, कुणी फार बोलू लागला की लोक म्हणत, "नळ आहे वाटतं तुझ्या दारात." हे सगळं ऐकताना तिला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण प्रत्येक वेळी आतून एक प्रश्न टोचायचा आणि ती तो बाजूला सारायची.

तो प्रश्न शनिवारी तेम्वा कायांगेनं उघडपणे विचारला. ती पाचवीची मास्तरीण, पस्तिशीची, इस्त्रीचा ब्लाउज, कमरेला घट्ट गुंडाळलेलं चितेंजे. भावाला बरोबर न घेता एकटीच आली होती. आभार मानले, बाकावर बसली, आणि म्हणाली, "वान्त्वानं मला सांगितलं. त्याच्यावर रागवू नका, माझ्यापासून त्याला काही लपवता येत नाही."

लुसुंगूनं मान हलवली.

"किती दिवस झाले कानाला?"

"सहा महिने."

"मग मावशी, या सहा महिन्यांत आणखी कुणाकुणाला परत पाठवलंत?"

आवाजात राग नव्हता. वही दाखव म्हणावं तसं तिनं विचारलं. लुसुंगू पदराशी चाळा करणाऱ्या पोरीसारखी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "मी फार दमलेय गं," ती अखेर म्हणाली. "तुला काय सांगू. ऐकण्याचाच वीट आलाय."

"दिसतंय," तेम्वा म्हणाली. "माझ्या वर्गात ब्याण्णव मुलं आहेत. मला माहितीये." आणि ती तशीच बसून राहिली. उठून गेली असती तर लुसुंगूनं तो विषय सोडून दिला असता.

परत पाठवलेल्यांचे फोनमध्ये तेवीस नंबर निघाले. लुसुंगूनं ते तिच्यासमोरच काढले.

पण आधी एस्नार्टनं तिला ओढून मोठ्या दवाखान्यात नेलं. एस्नार्टला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं नुसतं विचारलं, "गेले कित्येक महिने मी उजवीकडून हाका मारते तेव्हा तू भिंतीसारखी बसतेस. तो कान गेलाय, होय ना?" डॉक्टर तरुण होत्या. कानात बघितलं, निरनिराळे आवाज ऐकवले, आणि म्हणाल्या, हा कान येणार नाही, दुसरा सांभाळा. हेडफोन बंद. स्पीकर लांब.

"काय काम करता?"

"गाणी ऐकते," लुसुंगू म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं बाई विनोद करतायत.

मग फोन. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा ती रोज तीन-चार नंबर लावी. सात नंबर बंद होते. एका पोराच्या आईनं उचललं. तो जोनीला गेला होता, मार्चमध्ये. एकजण म्हणाला, "मावशी, मला तर आठवतही नाही तुम्ही काय म्हणालात. मी आता टोमॅटो विकतो, मस्त चाललंय." एकानं मात्र ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडून निघालो त्या दिवशी मी माझी गिटार विकली. आता कान नव्हता म्हणता?" क्षमा मागण्याखेरीज लुसुंगूकडे काही नव्हतं; ती तिनं मागितली. त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत लावला तर उचलला नाही.

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. पुढचा नंबर लावायला तीन दिवस गेले.

आठजण येतो म्हणाले, सहा आले. ऐकायचं कुठे, हा प्रश्न एस्नार्टनं सोडवला: तिच्या दुकानात एक छोटा स्पीकर होता, आणि अर्धे केस विणून झालेल्या, कुठेही जाऊ न शकणाऱ्या बायका. लुसुंगू डावा कान पुढे करून बसे, आणि शंका आली की विचारी, "तिकडे काही वाजतंय का जे मला ऐकू येत नाहीये?" बायका सांगत. पहिल्या दिवशी लाजून सांगत, मग तावातावानं. "मागे बासरीसारखं काहीतरी आहे." "बासरी कसली, शिट्टी आहे ती तोंडाची." "पोरगी बरी गाते, पण तो मधे मधे 'ये, ये' का करतोय? कोंबड्या बोलावतोय का?"

सहांपैकी दोन गाणी चांगली होती. त्यातलं एक, म्झिंबाच्या एका नर्सचं, इतकं चांगलं होतं की ते आपण परत पाठवलं होतं यावर लुसुंगूचा विश्वास बसेना. तिनं ते त्याच दिवशी नऊ ड्रायव्हरांना दिलं आणि प्रत्येकाला बजावून सांगितलं. तीन धड ना वाईट ना बरी. आणि शेवटचा आला तो स्माइली चिर्वा, बँकेतला पहारेकरी, मोठ्या आशेनं, इस्त्रीचा गणवेश घालून. त्याचं गाणं सगळ्यांनी ऐकलं. संपल्यावर बायका आपापल्या वेण्या चाचपू लागल्या.

"आता बोला मावशी," स्माइली म्हणाला. "आता तर पुरं ऐकलंत."

लुसुंगूनं एक श्वास घेतला. "गेल्या वेळी माझी चूक झाली असेल अशी मला भीती होती. आज खात्री पटली. वाईटच आहे."

बायकांत हशा पिकला. स्माइली आधी ओशाळला, मग तोही हसला. "निदान कुणीतरी दोनदा ऐकलं," तो म्हणाला, आणि टोपी घालून कामावर गेला.

उरलेल्या नंबरांपैकी काही तिनं लावलेच नाहीत. लावीन म्हणाली, पण राहिले. तेम्वानं एकदा विचारलं, तेव्हा तिनं तसंच सांगून टाकलं, आणि तेम्वाही पुढे बोलली नाही. वान्त्वाच्या मित्रानं आवाज मधे आणायचं शिकून घेतलं. आता ते गाणं दोन्ही बाजूंना सारखं ऐकू येतं. गोंड्वे अजून जुनंच लावतो. म्हणतो, त्यात प्रवासी एकमेकांशी बोलतात.

लुसुंगूनं लोकांना कानाचं सांगून टाकलं. जो येईल त्याला पहिलं वाक्य तेच: "डाव्या बाजूला या, उजवा कान गेलाय." बारवाला यायचा बंद झाला. काही तरुण गिऱ्हाईकं तशीही फोनवरच ऐकू लागली होती, तीही गेली. ड्रायव्हर राहिले, केस विणणाऱ्या बायका राहिल्या, आणि गाणारे पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले, कारण आता निकाल एकट्या लुसुंगूचा नव्हता. दुकानात जी कोण बसली असेल तिचाही होता. लुसुंगू सगळ्यांचं ऐकून घेई आणि शेवटी आपलं मत देई. कधी कधी नुसतंच म्हणे, "मला कळत नाही. तुम्हीच सांगा."

थकवा गेला असं मी म्हणणार नाही. शिट्टी तर रात्रंदिवस आहे. घरी गेल्यावर ती रेडिओ लावत नाही. मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळताना, उसिपा मासे तळताना जो आवाज होईल तेवढाच. नवरा ट्रकवरून आला की गाडीतलं काहीतरी गुणगुणतो, तेव्हा ती हात वर करते, आणि तो समजून गप्प होतो.

परवाच्या शुक्रवारी सकाळी सत्तेचाळीस नवी गाणी आली. पूर्वी ती एकूण एक ऐकल्याशिवाय उठत नसे. एखादं राहिलं की दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. तिनं आठ ऐकली. त्यातलं एक लुसाकाच्या कुण्या पोरीचं होतं, ते एस्नार्टला दोनदा ऐकवलं. मग कॉम्प्युटर बंद केला, पत्र्याचं दार अर्धं ओढलं, आणि उरलेली एकोणचाळीस तशीच ठेवून ती एस्नार्टच्या बाकावर उन्हाकडे पाठ करून आडवी झाली.